सार्थक अंक आणि मोजमापातला काटेकोरपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरच्या राजेंद्रनगरला अकरावी-बारावीच्या मुलांची फिजिक्सची शिकवणी घेते. नवी बॅच आली की पहिल्या पंधरवड्यात हेच प्रश्न येतात, आणि पालकसभेत आयाबाबाही तेच विचारतात. मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, आणि गल्लीत अस्सल इंदुरी. त्यामुळे निम्मा गोंधळ शब्दांचाच असतो. म्हणून एकदाचं सगळं मराठीत लिहून काढलं.

सार्थक अंक म्हणजे नेमकं काय?

सराफ्यात दिवसा जाऊन बघा. बांगडी काट्यावर ठेवायच्या आधी सराफ पंखा बंद करतो, काट्याचं काचेचं दार लावतो आणि आकडा स्थिरावायची वाट बघतो. मग दिसतं: २३.४८६ ग्रॅम. रात्री त्याच दुकानाचं शटर खाली असतं आणि त्याच ओट्यासमोर जलेबा, म्हणजे भलीमोठी जिलबी, तोलला जातो. तिथला काटा पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्यानं चालतो आणि दाखवतो २३५ ग्रॅम. शेजारून स्कूटर गेली तरी कुणाला फिकीर नाही.

दोन्ही आकडे खरे आहेत. पहिल्यात पाच अंक मोजून मिळालेत. दुसऱ्यात तीन, आणि त्यातला तिसरा जरा डळमळीतच. मोजणीतून खरोखर हाती आलेले अंक, म्हणजे खात्रीचे सगळे आणि त्यांच्यापुढचा अंदाजाचा एक, यांना सार्थक अंक म्हणायचं. जलेबेवाल्यानं चिठ्ठीवर ‘२३५.००० ग्रॅम’ लिहून दिलं, तर जलेबा नेमका तेवढा भरला तरी मी त्याला थापाड्याच म्हणेन. ते तीन शून्य त्यानं पाहिलेलेच नाहीत.

शेवटचा अंक अंदाजाचाच असेल तर तो लिहायचा कशाला?

कारण अंदाज म्हणजे ठोकून देणं नव्हे. ब्युरेटवर, म्हणजे द्रव मोजून सोडायच्या काचेच्या नळीवर, ०.१ मिलिलिटरच्या रेघा असतात. द्रावणाच्या पृष्ठाचा तळ १८.४ आणि १८.५ च्या मधोमध दिसतो, तेव्हा तुम्ही १८.४५ लिहिता. तो ५ पक्का नाही, ४ किंवा ६ असू शकेल. पण तो ० नाही आणि ९ही नाही, हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतंय. तेवढी माहिती टाकून का द्यायची?

आणि तळ बरोबर रेघेवर आला तर १८.४ नाही, १८.४० लिहायचं. दर वर्षी निम्मी बॅच हे शून्य खाते. ‘काकू, शून्यानं काय फरक पडतो?’ फरक असा पडतो की १८.४ वाचणाऱ्याला वाटतं, यानं दोन रेघांच्या मध्ये बघितलंच नाही.

शून्य कधी मोजायचं आणि कधी नाही?

नियम पाठ करू नका. एकच प्रश्न विचारा: हे शून्य मोजून आलंय, की नुसतं जागा धरून बसलंय?

०.००४२ मीटर घ्या. हेच ४.२ मिलिमीटर. एकक बदललं की पुढची शून्यं गळून पडली, म्हणजे ती मोजलेली नव्हतीच. सार्थक अंक दोन. ४०२ मधलं शून्य दोन अंकांच्या मध्ये आहे, ते मोजलेलंच असणार. सार्थक अंक तीन. ४.२० मधलं शेवटचं शून्य लिहिलं नसतं तरी किंमत तीच राहिली असती. तरीही कुणी मुद्दाम लिहिलंय, म्हणजे मोजून लिहिलंय. तेही तीन.

मग १५०० मध्ये किती? दोन, तीन की चार?

नुसत्या १५०० वरून सांगता येत नाही. पाठ्यपुस्तकं दोन म्हणतात आणि पुढे जातात. ते परीक्षेपुरतं ठीक आहे, पण खऱ्या जगात दशांशचिन्हाशिवायची शेवटची शून्यं मुकी असतात.

आपल्याकडे प्लॉट ‘तीस बाय पन्नास’चा असतो. क्षेत्रफळ १५०० चौरस फूट. कागदपत्रांत त्याचे चौरस मीटर होतात: १३९.३५. आता टेप धरून दोन माणसं उन्हात उभी आहेत, कोपऱ्याचा दगड थोडा कलंडलेला आहे, अशा मोजणीत दोन्ही बाजूंना एकेक इंच फरक पडला असं समजू. क्षेत्रफळ जवळपास पावणेसात चौरस फुटांनी हलतं, म्हणजे ०.६ चौरस मीटरहून जास्त. दशांशानंतरचे ते ‘३५’ जमिनीवर कुणी मोजलेले नाहीत, ते रूपांतराच्या गुणाकारातून आले. एकक बदलल्यानं मोजणी सुधारत नसते.

शून्य मुकं राहू नये म्हणून शास्त्रज्ञ घातांकात लिहितात. १.५ गुणिले १० चा तिसरा घात म्हणजे दोन अंक. १.५०० गुणिले १० चा तिसरा घात म्हणजे चार. किंमत तीच, पण दावा वेगळा.

एव्हरेस्टची गोष्ट इथलीच. १८५६ मध्ये उंची जाहीर झाली ती २९,००२ फूट. असं सांगतात की गणितातून सरासरी नेमकी २९,००० आली होती. पण लोक म्हणतील की यांनी ठोकळ आकडा दिला, म्हणून दोन फूट चढवले. खरंखोटं काहीही असो, मुकी शून्यं किती छळतात ते यातून कळतं. डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीननं मिळून जाहीर केलेला आकडा ८,८४८.८६ मीटर आहे. तिथे शेवटचा ६ सेंटिमीटरचा आहे.

कॅल्क्युलेटरवर आठ अंक येतात, मग सगळे का लिहू नयेत?

हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे. त्यासाठी लंबकावरून गुरुत्वत्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते) काढायचाच प्रयोग घेऊ, कारण तो सगळ्यांनी केलेला असतो.

दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत ९९.२ सेंटिमीटर. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर २० आंदोलनांना ४०.११ सेकंद. म्हणजे एका आंदोलनाला २.००५५ सेकंद. गुरुत्वत्वरणाचं सूत्र: चार गुणिले पाय (π) चा वर्ग गुणिले लांबी भागिले आवर्तकालाचा, म्हणजे एका आंदोलनाच्या वेळेचा, वर्ग. कॅल्क्युलेटर म्हणतो ९.७३७०२०३. आणि मुलगा ते सगळं वहीत उतरवतो, खाली दोन रेघा मारून.

नियम असा: गुणाकार-भागाकारात ज्या मापात सगळ्यात कमी सार्थक अंक, तेवढेच उत्तरात. लांबीत तीन अंक, वेळेत चार. म्हणून उत्तर ९.७४ मीटर प्रति सेकंद वर्ग. पुष्कळजण इथे थांबतात.

मी थांबू देत नाही. स्टॉपवॉच ०.०१ सेकंद दाखवतं, पण ते दाबणारं बोट कुणाचं आहे? सुरू करताना आणि थांबवताना मिळून ०.२ सेकंद इकडेतिकडे सहज होतात. ४० सेकंदांत ०.२ म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात काळाचा वर्ग आहे म्हणून एक टक्का. ९.७ चा एक टक्का ०.१. म्हणजे प्रामाणिक उत्तर ९.७ अधिक-उणे ०.१. नियमानं दिलेल्या ९.७४ मधला ४ पण टिकला नाही!

सार्थक अंकांचा नियम हे कामचलाऊ माप आहे. अनिश्चितता वेगळी काढायला वेळ नसतो तेव्हा तो वापरतात. खरी गोष्ट म्हणजे ‘अधिक-उणे किती’. नियम आणि अनिश्चितता यांचं भांडण झालं तर अनिश्चिततेचं ऐका.

आता गंमत. त्याच दोरीनं १०० आंदोलनं मोजा. सव्वातीन-साडेतीन मिनिटं लागतात, हात अवघडतो, मध्ये कुणीतरी ‘किती झाली?’ विचारतं आणि मोजणी चुकते. पण बोटाची चूक तीच ०.२ सेकंद राहते आणि आता ती २०० सेकंदांत वाटली जाते. एक टक्क्याची चूक ०.२ टक्क्यावर येते आणि दुसरा दशांश अंक मिळवल्यासारखा होतो. महागडं घड्याळ न आणता.

उत्तर ९.८ किंवा ९.८१ आलं नाही तर प्रयोग चुकला का?

नाही. ९.८०६६५ हा १९०१ मध्ये ठरवून दिलेला प्रमाण आकडा आहे, कुठल्या एका गावाचं मोजमाप नाही. गुरुत्वत्वरण विषुववृत्तावर ९.७८ च्या आसपास आणि ध्रुवावर ९.८३. इंदूर कर्कवृत्ताच्या जरा खाली आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे आपल्याकडे साधारण ९.७९. वरचं ९.७ अधिक-उणे ०.१ त्याला पोटात घेतंच. उलट आकडा ९.८१ वर ‘बसवलेली’ वही मला लगेच ओळखू येते.

बेरीज-वजाबाकीत नियम वेगळा का?

कारण तिथे अंकांची संख्या नाही, अंकाची जागा महत्त्वाची. साध्या काट्यावर बीकर ५२.४ ग्रॅम, आणि चांगल्या काट्यावर मोजलेलं मीठ ०.३१६७ ग्रॅम. बेरीज ५२.७१६७ नाही, ५२.७ ग्रॅम. बीकरच्या वजनाचा शतांशाचा अंकच माहीत नाही. माहीत नसलेल्यात १ मिळवला तर माहीत नसलेलंच येणार.

वजाबाकी मात्र दगा देते. बॅग घेऊन वजनकाट्यावर उभे राहिलात: ६८.४ किलो. बॅगेशिवाय ६१.९. फरक ६.५ किलो. तीन-तीन अंक घालून दोन मिळाले, ठीक आहे. याच पद्धतीनं स्टीलची वाटी मोजायला गेलात तर ६२.० उणे ६१.९ बरोबर ०.१, आणि तोही एकुलता एक अंक भरवशाचा नाही. मोठ्या आकड्यांच्या फरकातून छोटी गोष्ट मोजायची वेळ आली की आधी पद्धत बदलता येते का बघा.

पूर्णांकन करताना ५ आला तर वर की खाली?

५ च्या पुढे काही असेल तर वर. नुसता ५ असेल तर आधीचा अंक सम होईल असं बघा: ४.६५ चे ४.६, ४.७५ चे ४.८. दर वेळी वरच नेलं तर लांब यादीची बेरीज हळूहळू फुगते, म्हणून ही वाटणी. शाळेत पाचवीला ‘पाच म्हणजे वर’ शिकवलं होतं, तेही व्यवहारात चालतं.

टप्प्याटप्प्यानं मात्र करू नका. ४.७४८९ चे दोन अंक हवेत तर ४.७. आधी ४.७५ आणि मग ४.८ केलं की चूक. मधल्या पायऱ्यांत एक-दोन अंक जास्तच ठेवा आणि कात्री शेवटी लावा.

कुठल्या आकड्यांना हा नियम लागूच नसतो?

मोजलेल्या नाही, मोजदाद केलेल्या. २० आंदोलनं म्हणजे वीसच. सूत्रातला अर्धा, चार, वर्तुळाचा पाय, हे सगळे नेमके. व्याख्येनं ठरलेलेही तसेच: एक इंच म्हणजे नेमके २.५४ सेंटिमीटर. प्रकाशाचा निर्वात वेग १९८३ पासून नेमका २९,९७,९२,४५८ मीटर प्रति सेकंद. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमही प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो, त्यामुळे तो स्थिरांकही आता नेमका आहे.

अचूकता आणि काटेकोरपणा एकच ना?

रोजच्या बोलण्यात हो, प्रयोगशाळेत नाही. हिंदी पुस्तकात यथार्थता आणि परिशुद्धता असे शब्द आहेत. मुलं दोन्ही पाठ करतात आणि परीक्षेत अदलाबदल करतात. मी मराठीत असं सांगते: खऱ्या किमतीच्या जवळ असणं ही अचूकता. पुन्हापुन्हा मोजून तेच येणं, आणि बारीक येणं, हा काटेकोरपणा.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. मी शिकत असताना तारेची रोधकता काढायचा प्रयोग होता. आमच्या टेबलावरच्या स्क्रूगेजनं, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या स्क्रूच्या उपकरणानं, तारेचा व्यास दिला ०.४६ मिलिमीटर. परत, ०.४६. तार फिरवून, दुसऱ्या टोकाला, ०.४६. आम्ही तिघी इतक्या खूश! सरांनीही ‘वा, एकसारखी रीडिंग्ज’ म्हणून सही केली. उत्तर पुस्तकातल्यापेक्षा वीस टक्के जास्त आलं. दोन तास बॅटरीला आणि मीटरब्रिजला शिव्या घातल्यावर प्रयोगशाळेतल्या काकांनी स्क्रूगेज हातात घेतलं, रिकामंच मिटवलं आणि आमच्या नाकासमोर धरलं. शून्यावर यायला हवी ती रेघ चौथ्या भागावर उभी होती. तार नसतानाच ०.०४ मिलिमीटर! खरा व्यास ०.४२. सूत्रात व्यासाचा वर्ग आहे, म्हणून तेवढ्याशा चुकीचे वीस टक्के झाले. काका काही बोलले नाहीत, पुढच्या टेबलाकडे गेले.

काटेकोरपणा शंभर नंबरी, अचूकता शून्य. शून्यत्रुटी कितीही वेळा मोजून सरासरीनं जात नाही. तेव्हापासून कुणी माझ्यासमोर आधी न मिटवता स्क्रूगेज वापरलं की मला ते बघवत नाही.

डिजिटल मीटर असेल तर सगळे अंक खरेच ना?

दाखवलेला अंक आणि भरवशाचा अंक वेगळे. समजा मल्टिमीटरच्या पुस्तिकेत लिहिलंय: अधिक-उणे अर्धा टक्का आणि वर शेवटचे दोन अंक. बॅटरीला लावल्यावर दिसलं ९.०७ व्होल्ट. अर्धा टक्का म्हणजे सुमारे ०.०५, त्यात ०.०२ मिळवा. म्हणजे ९.०७ अधिक-उणे ०.०७. शेवटचा ७ दिमाखात चमकतोय, पण त्याला फारसा अर्थ नाही. पुस्तिका खोक्यासकट फेकून देऊ नका, एवढीच विनंती.

सराफ्यातला तोळा १० ग्रॅमचा की ११.६६ चा?

आज बोलण्यात १० ग्रॅमचा. जुना तोळा ११.६६३८ ग्रॅम. आजीच्या पाटल्या ‘चार तोळ्यांच्या’ असतील तर त्या जुन्या हिशेबानं साधारण ४७ ग्रॅम, नव्यानं ४०. इथे मिलिग्रॅम दाखवणारा काटा काही कामाचा नाही, आधी एकक कुठलं ते विचारा. आणि ‘चार’ हा एकच अंक आहे, त्याचे ४६.६५५२ ग्रॅम करू नका.

पीएच ७.४० मध्ये सार्थक अंक तीन का नाहीत?

पीएच, म्हणजे द्रावण किती आम्ल ते सांगणारा आकडा, हा लॉगॅरिदम असतो, आणि लॉगॅरिदममध्ये दशांशचिन्हाच्या आधीचा आकडा फक्त दहाचा घात सांगतो. मोजणीचे अंक दशांशानंतरचे, म्हणून दोन. हायड्रोजन आयनांची संहती ४.० गुणिले १० चा उणे आठवा घात, तिथेही दोनच.

एवढे अंक खऱ्या शास्त्रात कुणाला लागतात?

आपल्या शेजाऱ्यांना. कॅट रोडनं सरळ गेलात की राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. तिथल्या इंडस-२ यंत्रात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं गोल फिरतात. वर्तुळाचा परीघ १७२.४७ मीटर, आणि त्यांना दर फेरीत ऊर्जा देणारी रेडिओ लहर ५०५.८ मेगाहर्ट्‌झची. एका फेरीत त्या लहरीची बरोबर २९१ आवर्तनं बसायला लागतात. हा २९१ नेमका आकडा, मोजदादीतला.

आता परीघ फक्त एक मिलिमीटरनं बदलला असं समजा. पावणेदोनशे मीटरमध्ये एक मिलिमीटर! त्याच कक्षेवर मेळ राखायचा तर लहरीची वारंवारता जवळपास तीन किलोहर्ट्‌झनं बदलावी लागेल. म्हणजे तिथे १७२ म्हणून भागत नाही, १७२.४७ लाही पुढे अंक लागतात. माझ्या बॅचमधल्या दोघातिघांचे आईवडील तिथे कामाला आहेत. ‘बाबा घरी दूधसुद्धा मोजून घेतात’ अशी तक्रार एकीनं केली होती.

परीक्षेत याचे मार्क कापतात का?

प्रॅक्टिकलमध्ये हो, विशेषतः उपकरणाच्या लीस्ट काउंटशी (त्यावर वाचता येणाऱ्या सगळ्यात छोट्या मापाशी) न जुळणारं रीडिंग लिहिलं तर. साध्या पट्टीनं मोजून १४.३२७ सेंटिमीटर लिहिणाऱ्याला तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो. एकक विसरलात तर त्याहून वाईट.

घरी करता येईल असं काही सांगा ना, काकू.

झेरॉक्सच्या कागदाचं ५०० पानांचं न फोडलेलं रीम घ्या आणि साधी पट्टी. वरचं वेष्टन सोडून नुसत्या कागदांची थप्पी मोजायची आहे, म्हणून बाजूनं वेष्टन काढा आणि थप्पी तळहातानं दाबून धरा. समजा ५१.५ मिलिमीटर आली. ५०० नं भागा: ०.१०३ मिलिमीटर. एक मिलिमीटरच्या रेघा असलेल्या पट्टीनं तुम्ही कागदाची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत काढलीत, कारण ५०० हा मोजदादीतला आकडा आहे आणि तो अंक खात नाही. पाने मोजायचा कंटाळा आला तर वेष्टनावरच्या आकड्यावर विश्वास ठेवा, पण तसं वहीत लिहा.

मग थप्पी जरा कमी दाबून पुन्हा मोजा. ५२.५ येईल, कदाचित ५३. आता ०.१०३ मधल्या ३ चं काय करायचं ते घरातल्या दोघांनी वेगवेगळं, एकमेकांची वही न बघता ठरवा.